एल्कसाठी ठासणीच्या बंदुकीचा बार: गोळी कोणती आणि दारू किती?

कोलोरॅडोत राहणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर एप्रिलच्या सुरुवातीला ऑफिसात एक प्रश्न हमखास पडतो: ‘यंदा मझललोडरच्या ड्रॉमध्ये नाव टाकलंस का?’ आधी अर्ज, मग सोडत, आणि नशीब उघडलं तर सप्टेंबरात एल्क नावाच्या थोराड हरणामागे जंगलात नऊ दिवस. तेही ठासणीची बंदूक घेऊन. घरी दुर्बीण लावलेली आधुनिक रायफल असलेला माणूस दोनशे वर्षांपूर्वीच्या पद्धतीने नळीच्या तोंडातून दारू ओतून, गोळी गजाने ठासून शिकारीला का जातो, हे नवख्याला कळत नाही. जे जातात, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना गोळी आणि दारूचा मेळ कसा घालायचा ते नीट ठाऊक नसतं.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीला बंदी आहे. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक अजून एखाद्या घरात दिसते, तेवढाच आपला तिच्याशी संबंध उरला आहे. अमेरिकेतल्या राज्यांत मात्र शिकार हा वन्यजीव खात्याच्या कारभाराचाच भाग आहे: किती परवाने द्यायचे, कोणत्या हत्याराला कोणते दिवस, नर की मादी, सगळं ठरवून. जगातले सर्वात जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, म्हणून हा लेख मुख्यतः तिथले नियम समोर ठेवून लिहिला आहे.

ठासणीच्या हंगामाचं आकर्षण साधं आहे. सप्टेंबरच्या मध्यावर एल्कचा माज सुरू असतो, नर आरोळ्या देत फिरतात आणि आवाज काढून बोलावता येतात. रायफलवाल्यांचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो, तोवर जनावरं बिथरलेली नसतात. परवाने कमी, म्हणून जंगलात माणसंही कमी. या सवलतीची किंमत एकच: हत्यार जुन्या चालीचं हवं.

खरेदीचा क्रम उलटा करू नका

नवखा माणूस दुकानात जातो आणि आधी दारूचा डबा उचलतो. मग बंदुकीसोबत फुकट मिळालेल्या गोळ्या वापरून बघतो. नियमांची पुस्तिका उघडतो ती निघायच्या आदल्या रात्री. खरा क्रम याच्या नेमका उलट आहे. नियम आधी, मग तुमच्या नळीचा पीळ, मग गोळी, आणि दारू सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गोष्टी ठरल्या की दारूचा प्रश्न दोन दुपारच्या नेमबाजीत सुटतो.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला पूर्वेकडच्या राज्यांतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी असतो. तिथे बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या कपात बसवलेली गोळी, दारूच्या तयार वड्या आणि दुर्बीण हे सगळं चालतं. पश्चिमेकडे तोच सल्ला पाळलात तर दंड भरायची वेळ येईल.

कोलोरॅडोच्या ठासणी हंगामात एल्कसाठी बंदूक किमान 50 कॅलिबरची लागते. कॅलिबर म्हणजे नळीच्या आतला व्यास. 50 म्हणजे अर्धा इंच. नळी एकच आणि एका वेळी गोळी एकच. लांबट गोळी असेल तर तिची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे 50 कॅलिबरला एक इंच ही हद्द. 50 कॅलिबरपर्यंत गोळीचं वजन किमान 170 ग्रेन, त्याहून मोठ्या नळीला किमान 210. सॅबो, म्हणजे बारीक गोळी रुंद नळीत बसावी म्हणून तिच्याभोवती घातलेला प्लास्टिकचा कप, चालत नाही. गोल गोळीभोवतीची कापडी चिंधी चालते. दारू सुटी हवी, वड्या नकोत. बिनधुराची दारू बंद. दुर्बीण नाही, बॅटरीवर चालणारा लाल ठिपका नाही. नेम धरायला साधी माशी आणि खाच, फार तर चमकणाऱ्या फायबरची. वर भगवा किंवा गुलाबी झगझगीत जाकीट आणि टोपी सक्तीची.

दुसऱ्या राज्यात हे सगळं बदलतं. आयडाहोत ठासणीच्या खास हंगामात 209 प्रायमर, म्हणजे छर्ऱ्याच्या काडतुसाचा पेटवा, चालत नाही. गारगोटी किंवा केप, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी, हवी. मोंटानाने 2021 साली डिसेंबरात नवा वारसा हंगाम सुरू केला, त्याच्या अटी आणखी कडक आहेत. युटा आणि न्यू मेक्सिकोने गेल्या काही वर्षांत दुर्बिणींवर कात्री लावली. म्हणून त्या वर्षीची, त्या राज्याची पुस्तिका वाचल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नका. दुकानदार सांगेल ते नियम कधीकधी तीन वर्षांपूर्वीचे असतात.

नळीचा पीळ काय सांगतो

रायफलच्या नळीत आतून मळसूत्री खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो त्याला पीळ म्हणतात. 28 इंचांत एक फेरा म्हणजे घट्ट पीळ, 66 इंचांत एक फेरा म्हणजे सैल.

गोल गोळीला फार फिरवावं लागत नाही. उलट घट्ट पिळाच्या नळीत जास्त दारू घातली की चिंधी खाचांवरून घसरते आणि गोळी वाटेल तिकडे जाते. लांब गोळी मात्र सैल पिळात सावरत नाही, कोलांट्या खाते. लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, किल्लीच्या भोकासारखी फट दिसली, तर गोळी आडवी होऊन लागली असं समजावं. दारू कमीजास्त करून हे सुटत नाही. गोळी आखूड घ्यावी लागते.

आजच्या इनलाइन बंदुकांत, म्हणजे ज्यांत पेटवा नळीच्या मागे सरळ रेषेत बसतो, बहुतेक वेळा 28 इंचांचा पीळ असतो. त्या लांबट गोळीसाठीच बनल्या आहेत. जुन्या धाटणीच्या, बाहेर घोडा असलेल्या बंदुकांत 48 किंवा 60 ते 70 इंचांचा पीळ मिळतो. 48 हा मधला मार्ग: आखूड लांबट गोळीही चालते, गोल गोळीही चालते, दोन्ही उत्तम मात्र क्वचितच. पिळाचा आकडा नळीवर कोरलेला नसेल तर गजाला घट्ट चिंधी लावून तो आत ढकला, गजावर खूण करा आणि बाहेर ओढताना खूण पाव फेरा फिरायला किती इंच लागले ते मोजा. त्याची चौपट म्हणजे तुमचा पीळ. गजाची मूठ मोकळी फिरणारी हवी, नाहीतर मोजमाप चुकतं.

गोल गोळी की लांबट?

ग्रेन हे वजनाचं जुनं इंग्रजी माप: 7000 ग्रेनांचा एक पौंड. आपला जुना 11.66 ग्रॅमचा तोळा बरोबर 180 ग्रेनांचा. म्हणजे 50 कॅलिबरची शिशाची गोल गोळी, जी 0.490 इंच व्यासाची आणि 177 ग्रेनांची असते, ती जवळजवळ एक तोळ्याची. दोन-सव्वादोन क्विंटलची एल्क मादी किंवा तीन क्विंटलच्या पुढचा नर यांच्यासाठी एक तोळा शिसं. नियमाच्या 170 च्या हद्दीत हे बसतं, पण कसंबसं.

गोल गोळीचा खरा दोष वजनात नाही, आकारात आहे. हवा तिला लगेच अडवते. नळीतून ती सेकंदाला 1900 फुटांच्या आसपास वेगाने निघाली, तरी शंभर यार्डांवर, म्हणजे 91 मीटरवर, वेग 1150 ते 1200 फुटांवर येतो. मारा म्हणजे ऊर्जा, ती वेगाच्या वर्गाने घटते: सुरुवातीची 1400 फूट-पौंड ऊर्जा शंभर यार्डांवर साडेपाचशेच्या आसपास उरते. साठ टक्के वाटेतच गेली.

त्याच नळीतून 385 ग्रेनांची लांबट गोळी 1400 फुटांनी निघाली, तर शंभर यार्डांवर ती साधारण 1150 फुटांनी पोचते. ऊर्जा साडेसोळाशेवरून अकराशेवर. घट फक्त एक तृतीयांश. शिवाय सगळं वजन एका रेषेत मागे असल्याने ती फासळी मोडून दोन्ही फुप्फुसांतून पलीकडे जायची शक्यता कितीतरी जास्त. दोन भोकं पडली की रक्ताचा माग सापडतो. एल्कची कातडी जाड, केस दाट. एकच भोक आणि तेही वरच्या बाजूला असेल, तर रक्त आतच साठतं आणि जमिनीवर थेंब दिसत नाही.

म्हणून 50 कॅलिबरची गोल गोळी कायद्यात बसली तरी एल्कसाठी मी ती सुचवणार नाही. गोल गोळीनेच जायचं असेल, आणि त्यात एक वेगळी मजा आहे हे मान्य, तर 54 कॅलिबर घ्या. व्यास थोडाच वाढतो, पण 0.530 इंचांची गोळी 224 ग्रेनांची भरते. अंतर पंचाहत्तर यार्डांच्या आत ठेवा आणि खांद्याच्या हाडावर मारू नका.

लांबट गोळीत 50 कॅलिबरसाठी 350 ते 460 ग्रेन हा पट्टा एल्कला योग्य. हॉर्नेडीची ग्रेट प्लेन्स 385 ग्रेनांची, नो एक्सक्यूजेसची 460 ग्रेनांची; दोन्ही शिशाच्या, पूर्ण नळीभर, म्हणजे सॅबोशिवाय नळीत बसणाऱ्या. दोनशे-अडीचशे ग्रेनांच्या हलक्या, पोकळ टोकाच्या गोळ्यांच्या डब्यावर वेगाचे मोठे आकडे छापलेले असतात. हरणाला त्या पुरतात. एल्कच्या खांद्यावर अशी गोळी वरच्यावर फुलून थांबू शकते. अर्ध्या इंचाची गोळी न फुलताही पुरेसं भोक पाडते, तेव्हा फुलण्यापेक्षा खोल जाण्याला पैसे मोजा.

शिसं मऊ हवं. मऊ शिसं मागून दाब आला की किंचित फुगून खाचांत घट्ट बसतं. घरी गोळ्या ओतणारे लोक गाडीच्या चाकाची जुनी वजनं वितळवतात. त्यात अँटिमनी असतं, गोळी कडक होते. ती ठासायला जड जाते आणि खाचाही नीट धरत नाही. नखाने ओरखडा उठला तर शिसं कामाचं.

दारूच्या जाती

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिच्या दाण्याच्या जाडीवर जात ठरते आणि ती एफ या अक्षराने दाखवतात: एक एफ सर्वात जाड, चार एफ सर्वात बारीक. जितका दाणा बारीक तितकी ती झपाट्याने जळते आणि दाब लवकर चढतो. 50 आणि 54 कॅलिबरच्या रायफलला दोन एफ ही रूढ निवड. तीन एफ वापरणारेही आहेत, पण ते माप दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करतात. चार एफ फक्त गारेच्या बंदुकीच्या रंजकदाणीत, म्हणजे ठिणगी पडते त्या बाहेरच्या छोट्या खळग्यात, नळीत कधीच नाही.

गारेची बंदूक असेल तर खरी काळी दारूच घ्या. बदली दारूंना पेटायला जास्त उष्णता लागते, गारेच्या ठिणगीला ती दाद देत नाही आणि फुसका बार निघतो. गारेवरच भरवसा असलेल्या माणसाने दारूचा शोध उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच घ्यावा. खरी काळी दारू गावोगावच्या दुकानांत मिळत नाही.

केप किंवा 209 प्रायमर असेल तर पर्याय वाढतात. पायरोडेक्स 1976 पासून बाजारात आहे; माप काळ्या दारूइतकंच, नळी जवळपास तितकीच घाण होते आणि गंजही तितकाच. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, पाण्याने धुऊन निघते, पण तेवढ्याच मापात सुमारे पंधरा टक्के जास्त जोर देते. म्हणून काळ्या दारूचं माप तेवढ्याने कमी करून सुरुवात करायची. तिची एक खोड आहे: बार उडाल्यावर दारूच्या जागी नळीत कडक कड धरते आणि पुढची गोळी तिथेच अडते. दर बारानंतर ओलसर चिंधी फिरवली की प्रश्न मिटतो. ब्लॅकहॉर्न 209 सर्वात स्वच्छ जळते, पण तिला 209 प्रायमरच लागतो, साध्या केपने ती भरवशाने पेटत नाही. तिची सफाईही पाण्याने करायची नाही, बंदुकीच्या द्रावकाने करायची.

ग्रेन वजनाचे की मापाचे?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो आणि तो धोक्याचा आहे. गोळीचे ग्रेन वजनाचे असतात. दारूचे ग्रेन मापाचे: शंभर ग्रेन काळी दारू जितकी जागा घेते तितकं मापपात्र भरून बदली दारू घ्यायची, तिचं वजन कितीही असो. वाटीभर रवा आणि वाटीभर पोहे यांचं वजन सारखं नसतं, तसंच हे.

ब्लॅकहॉर्नचं उदाहरण घ्या. तिचं मापाचं शंभर ग्रेन वजनाला 70 भरतं. कोणी तराजूवर शंभर ग्रेन तोलून नळीत ओतली तर ती मापाने जवळपास 143 झाली, आणि त्या दारूची कमाल मर्यादाच मापाने 120 आहे. तोलायचंच असेल तर मापाचा आकडा 0.7 ने गुणून तोला. 120 साठी 84. नाहीतर पितळी मापपात्र वापरा, प्रत्येक वेळी एकाच पद्धतीने भरा, हलकी टिचकी मारा आणि वरची शीग काढून टाका. भरण्याची पद्धत दर वेळी बदलली की पाच-सात ग्रेनांचा फरक सहज पडतो.

मग घालायची किती?

पहिली मर्यादा बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल. ती ओलांडायची नाही, मित्र काहीही सांगो. त्या मर्यादेत, 385 ते 460 ग्रेनांच्या गोळीसाठी, दोन एफ काळ्या दारूच्या मापाने 80 ते 100 ग्रेन या पट्ट्यात बहुतेकांचं उत्तर सापडतं. 54 च्या गोल गोळीलाही 80 ते 110.

सुरुवात 70 पासून करा. आधी पन्नास यार्डांवर तीन गोळ्या, मग पाच-पाच ग्रेनांनी वाढवत पुन्हा तीन-तीन. गोळ्या एकत्र येत जातात आणि एका टप्प्यानंतर परत विखरायला लागतात. त्या टप्प्याच्या अलीकडचं माप तुमचं. मग शंभर यार्डांवर पाच गोळ्या मारून खात्री करा. साध्या माशीने पाच गोळ्या चार-पाच इंचांच्या वर्तुळात आल्या तर एल्कसाठी उत्तम. त्याहून बारीक गट शोधत दारूचा डबा संपवण्यात अर्थ नाही. शिकारीत पहिला बार थंड, स्वच्छ नळीतून जातो, म्हणून सराव संपवून नळी धुऊन दुसऱ्या दिवशी एकच गोळी मारून पाहा. ती कुठे जाते हे तुमच्या पूर्ण गटापेक्षा महत्त्वाचं.

गोल गोळीवाल्यांना एक फुकटची तपासणी मिळते. समोर दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करा. मधे काळा गोल डाग, कडा थोड्या विस्कटलेल्या आणि कापड पुन्हा वापरता येईल असं धड, तर सगळं ठीक. मधे जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे किंवा दारू जास्त. खाचांच्या जागी सरळ चिरा दिसल्या तर नळीच्या तोंडाची धार कापतेय. ती बारीक पॉलिश पेपरने बोथट करून घ्यावी लागते.

‘जास्त दारू घातली की पल्ला वाढेल ना?’

फारसा नाही. नळीची लांबी ठरलेली आहे. तिच्यात जेवढी जळेल तेवढीच कामाची, उरलेली धूर आणि धक्का होऊन बाहेर. शंभरवरून दीडशेवर गेलात तर दारू दीडपट होते, वेग मात्र त्या मानाने थोडाच वाढतो. 460 ग्रेनांची गोळी आणि शंभर ग्रेन दारू साडेसात पौंडांच्या बंदुकीतून उडाली की खांद्याला थर्टी-ऑट-सिक्स रायफलपेक्षा जोराचा दणका बसतो. धक्क्याला घाबरून माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, आणि त्याने होणारं नुकसान कोणत्याही दारूने भरून निघत नाही.

पल्ल्याची खरी अडचण गोळीच्या वाकड्या वाटेत आहे. 1400 फुटांनी निघणारी जड गोळी शंभर यार्डांवर नेमकी लागेल अशी माशी जुळवली, तर ती पन्नास यार्डांवर दोन-अडीच इंच वर असते, सव्वाशेवर चार इंच खाली, आणि दीडशेवर दहा इंच खाली. म्हणजे समोरचा एल्क शंभरावर आहे असं वाटलं आणि तो दीडशेवर निघाला, तर हृदयावर धरलेली गोळी पायाला लागते किंवा पोटाखालून जाते. अंतर मोजायचं यंत्र वेगळं हातात घेऊन आधीच आजूबाजूची झाडं मोजून ठेवा. साध्या माशीने शंभर यार्ड ही माझ्या मते बहुतेकांची प्रामाणिक हद्द. रोज सराव असलेल्याने फार तर सव्वाशे.

‘मग आधुनिक बिनधुराची दारू थोडीशी का नको?’ कारण तिचा दाब वेगळ्याच पातळीचा असतो आणि काळ्या दारूसाठी बनलेली नळी तो सोसत नाही. नळी फाटते, सोबत हात जातो. थोडीशी, मिसळून, एकदाच, असल्या कुठल्याही वाटेने ती घालायची नाही.

भरताना चुकतं कुठे

कोरड्या नळीपासून सुरुवात. साठवणीचं तेल चिंधीने पुसा, मग एक-दोन केपा नुसत्याच उडवून ठिणगीची वाट मोकळी करा. नळीच्या तोंडाशी गवताचं पातं धरलं आणि ते हललं तर वाट मोकळी आहे. दारू डब्यातून थेट नळीत ओतू नका: आधीच्या बाराचं निखाऱ्याएवढं काही आत धुमसत असेल तर अख्खा डबा हातात उडेल. नेहमी मापपात्रातून. नळीला बाहेरून दोन थापा मारा, दाणे खाली बसतील. लांबट गोळीखाली लोकरीची जाड चकती घातली तर तापलेला वायू गोळीची कड खात नाही.

गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळीला कडं पडतं, फुगते, कधी फुटते. म्हणून पूर्ण ठासल्यावर गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवा, आणि रिकाम्या नळीची दुसरी खूण करा. भरलेली की रिकामी, आणि गोळी जागेवर की वर अडकलेली, हे एका नजरेत कळतं. दाब दर वेळी सारखा द्या. गज उचलून आपटायचा नाही. गोळीचं टोक चेपतं.

आता ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. सॅबो किंवा चिंधी नसलेली पूर्ण नळीभर गोळी कधीकधी सैल बसते. बंदूक तोंड खाली करून खांद्याला लटकवून दिवसभर चढउतार केला, की ती इंचभर पुढे सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही. दर तासा-दीड तासाने, केप काढून ठेवून, गज आत टाकून खूण पाहा. दोनदा सरकलेली सापडली तर हजाराव्या भागाने जाड गोळी शोधा.

उंची, पाऊस आणि थंडी

‘दहा हजार फुटांवर हवा विरळ, तिथे दारू पेटेल का?’ पेटेल. काळ्या दारूतला सोरा स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतो, बाहेरच्या हवेची तिला गरज नाही. विरळ हवेने गोळीला अडथळा थोडा कमीच होतो. उंचीचा त्रास तुम्हाला होईल: धापा टाकत असताना माशी स्थिर राहत नाही.

ओल मात्र खरी शत्रू. कोलोरॅडोत सप्टेंबरच्या दुपारी सरी येतात. नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावा. बार उडताना पुढची हवाच ती फाडते, गोळी बिघडत नाही. थंडीतून आलेली भरलेली बंदूक उबदार तंबूत नेली की आत दव जमतं आणि सकाळी फुसका बार. केप किंवा प्रायमर काढून ती बाहेरच, कोरड्या आडोशाला, मुलाबाळांच्या हाताबाहेर ठेवा. गाडीत ठेवतानाही केप काढलेली हवीच, कोलोरॅडोत हा कायदा आहे.

‘हे क्रूर नाही का?’

प्रश्न रास्त आहे. दुसरा बार भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धा-पाऊण मिनिट लागतं, तेवढ्यात जनावर टेकडीपार. म्हणून हद्द पाळणं हाच इथे उपाय आहे. आडवा उभा एल्क, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात धरायचं; तिथे फुप्फुसांचा फूटभर तरी पट्टा मिळतो. शेपटीकडून किंवा समोरून मारायचं नाही. बार उडाल्यावर धुराचा पडदा समोर येतो. वाकून किंवा बाजूला सरकून जनावर कुठल्या झाडापाशी दिसेनासं झालं ते पक्कं करा, लगेच पुन्हा भरा आणि अर्धा तास जागेवर थांबा. घाईने मागे लागलं तर जखमी जनावर दोन डोंगर ओलांडतं.

शिशाबद्दलचा आक्षेपही खरा आहे. शिकारीनंतर टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण गरुड आणि गिधाडं खातात आणि मरतात. कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. तांब्याच्या पूर्ण नळीभर गोळ्या मिळतात. पण तांबं शिशाहून सुमारे वीस टक्के हलकं, तेव्हा त्याच वजनाला गोळी लांब होते, आणि कोलोरॅडोची एक इंचाची हद्द लगेच आडवी येते. 270-300 ग्रेनांपलीकडे तांब्याला फारसा वाव उरत नाही. तांबं फुगून खाचांत बसतही नाही, म्हणून नळीच्या नेमक्या मापाची गोळी शोधावी लागते. खर्चही जास्त.

दारू विमानाने नेता येत नाही

न्यू जर्सी किंवा टेक्सासहून डेन्व्हरला उडणाऱ्यांसाठी शेवटची व्यावहारिक अडचण. काळी दारू, तिच्या सगळ्या बदल्या आणि केपा अमेरिकेत विमानात ना हातातल्या बॅगेत चालतात, ना खाली टाकलेल्या सामानात. तिथे उतरल्यावरच विकत घ्याव्या लागतात. म्हणून सराव अशाच दारूने करा जी डेन्व्हरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात हमखास मिळते. दुर्मीळ दारूवर माशी जुळवून गेलात तर उतरल्यावर पंचाईत. दुकानाला आठवडाभर आधी फोन करून डबा बाजूला ठेवायला सांगा. गोळ्या, मापपात्र, गज आणि लोकरीच्या चकत्या सामानातून नेता येतात, पण मापपात्र आणि दारूची रिकामी शिंगं धुऊन न्या, कारण तपासणीत दारूचा अंश सापडला तर पुढचं विमान पकडावं लागतं. आणि 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत परवान्यासाठी शिकारी प्रशिक्षणाचा दाखला लागतो. तो अर्जाच्या आधी, म्हणजे मार्चच्या आत हाताशी असू द्या.